एकेचाळीस हजार चाललेली गाडी आधी बघा

पत्र

ताई, वय 43. बुटीबोरीला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. मुलगी या वर्षी शिकायला पुण्याला गेली, घर एकदम रिकामं झालं. बायको म्हणे, आता तरी फिरू. तीन लाखांची एफडी मोडून टूरिंगची गाडी घेऊन राहिलो. मनात रॉयल एनफिल्डची हिमालयनच आहे, जुनं मॉडेल 411, नवं 450. नवी 450 शोरूमवाल्यानं ऑन रोड पावणेचार लाखांच्या घरात सांगितली, म्हणजे वरच्यासाठी कर्ज आलं. दुसरी जबलपूरला आहे, 2021 ची 411, एमपी 20 पासिंग, 28 हजार किलोमीटर, 1 लाख 45 हजार. वर साइड बॉक्स आणि क्रॅश गार्ड फुकट. मालकानं फोटो पाठवले, एकदम चकाचक. नागपुरातही एक 2021 चीच पाहिली, एमएच 49. पण ती 41 हजार चाललेली आणि मालक 1 लाख 65 च्या खाली येत नाही. बिलांची फाइल दाखवत बसला, म्हणून सोडून दिली. साळा म्हणतो सेकंड हँडच घे. बायको म्हणते, जुनी गाडी म्हणजे दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं. माझी उंची पाच फूट पाच. आजवर युनिकॉर्नच चालवली, अकरा वर्षं झाली, ऑइल घरीच बदलतो. ती 25 हजारांत काढून टाकतो म्हणतो. पहिली ट्रिप पचमढी, दोन वर्षांत लेह. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी अडले. किंमत, सीसी, पासिंग हे सगळं ठीक. पण अकरा वर्षं एकच गाडी, आणि ऑइल घरी बदलता! ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. मला तर त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसलं.

सेकंड हँड घ्या म्हणणारे नेहमी एकच गणित मांडतात. नवी गाडी शोरूमच्या पायरीवरून उतरली की किंमत पडली. ते खरंही आहे. विमा कंपन्या गाडीची किंमत, म्हणजे पॉलिसीवरची आयडीव्ही, ज्या तक्त्यानं काढतात त्यात सहा महिन्यांच्या आत 5 टक्के जातात, वर्षाच्या आत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30 आणि पाचवं वर्ष चालू असताना 50. पण ही घट सोसावी लागते ती विकणाऱ्याला. तुम्ही विकणारे आहात कुठे? दर तीन वर्षांनी गाडी बदलणाऱ्या माणसाचं गणित तुमच्या मेहुण्यांनी तुम्हाला लावलं. तुमच्यासारख्याला नवी गाडीसुद्धा महाग पडत नाही. पावणेचार लाख अकरा वर्षांवर पसरून बघा, महिन्याला तीन हजाराच्याही आत येतं.

मग नवी घ्या असं म्हणू? नाही म्हणणार, आणि कारण तीच अकरा वर्षं. तुम्ही जे दारात आणाल ते राहणार आहे. आणि टूरिंगमध्ये आपल्याला नेमकं काय लागतं हे तुम्हाला अजून माहीत नाही. राग मानू नका, कोणालाच सुरुवातीला माहीत नसतं. दोनशे किलोच्या आसपासची गाडी, मागे वहिनी, दोन्ही बाजूंना सामान, आठ तास सीटवर. हे एकदाही न करता पुढच्या अकरा वर्षांची गाडी ठरवायला निघालात. कदाचित नवीच्या चाळीस पीएस ताकदीची तुम्हाला गरजच पडणार नाही. कदाचित वहिनींची कंबर तिसऱ्या तासाला बोलायला लागेल आणि उंच गाडीऐवजी बुटकी, गादीसारख्या सीटची गाडी हवी होईल. हे शिकायला दोन वर्षं सेकंड हँड घ्या. 2021 ची गाडी तिच्या मोठ्या घसरणीतून जाऊन आलेली आहे. दोन वर्षांनी नीट ठेवून विकलीत तर फार जाणार नाही. मग नवी घ्यायची वाटली तर घ्या आणि खुशाल अकरा वर्षं ठेवा.

आता दोन्ही गाड्यांबद्दल. 411 ही 2016 साली आली, 2023 च्या अखेरीस तिच्या जागी 450 आली. जुनीत 24 पीएसच्या आसपास ताकद आणि पाच गिअर, नवीत 40 पीएस आणि सहा गिअर, शिवाय पाण्यानं थंड होणारं इंजिन. मनसरच्या पुढं एनएच 44 वर ट्रकांची रांग ओलांडताना हा फरक स्पष्ट कळतो. 450 गिअर न बदलता निघून जाते, 411 ला आधी विचार करावा लागतो. पण ऐंशी-नव्वदला, दोघं बसून, वाटेत चहाला थांबत जाणाऱ्यांसाठी 411 शांत गाडी आहे. शंभरच्या वर नेलीत की ती कुरकुरते. तसंही समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे मुंबईच्या दिशेनं निघालात तरी अमरावती-अकोल्याचा जुना रस्ताच आपला. त्या रस्त्यावर शंभरच्या वर कशाला जायचं?

आणि तुमची उंची. 411 ची सीट 800 मिलिमीटर, 450 ची नेहमीची सीट खाली लावली तरी 825. एका इंचाचा फरक, कागदावर काहीच वाटत नाही. तामियाच्या घाटात उतारावर कडेला गाडी थांबवायची आहे, मागे माणूस बसलेला आहे, पाय टेकायला जागा तिरकी आहे, तिथे तो इंच कळतो. चालत्या गाडीवरून पडलेले मी कमी पाहिले. उभी गाडी कलंडून पाय अडकलेले पुष्कळ.

411 बंद झाली म्हणून पार्ट मिळतील का, ही शंका कोणीतरी तुमच्या डोक्यात घालणारच. काळजी नको. त्याच इंजिनाला मोठं करून 443 सीसीची स्क्रॅम 440 2025 मध्ये आली. मेकॅनिकांच्या हाताला ते इंजिन पाठ झालंय.

वहिनी म्हणतात ते दुसऱ्याचं दुखणं. त्यांना म्हणावं, ताई तुमच्या बाजूनं आहे, कारण मी ते एकदा विकत घेतलेलं आहे. बरीच वर्षं झाली. शहरातल्याच एका गाडी विकणाऱ्याकडे गेले, नाव लिहीत नाही. गाडी पुसून-पासून तयार, एका किकमध्ये चालू. म्हणाला, "आत्ताच सिग्नलच्या गर्दीतून आणली ताई, बघा एंजिन कसं गोड बोलते." गोड बोलत होतं खरं. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड गाडी चालू केली तर निळा धूर अंगणभर, आणि एमपीच्या सीमेवरच्या खवासाच्या अलीकडे ऑइल इतकं खाली गेलं की ट्रकवर टाकून आणावी लागली. गरम इंजिन सगळी पापं लपवतं हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून गाडी बघायला गेले की आधी इंजिनाजवळ हात नेते. कोमट जरी लागलं तरी म्हणते, उद्या सकाळी येते, तोवर चालू करू नका. खरा मालक हसून हो म्हणतो. दुसरा लगेच कारणं सांगायला लागतो.

म्हणून माझा सल्ला असा की आधी मालक बघा, गाडी नंतर.

या नजरेनं तुमच्या दोन गाड्या बघू. जबलपूरच्या मालकानं फोटो पाठवले. नागपूरच्या मालकानं बिलं दाखवली. तुम्हाला फोटो आवडले आणि बिलांचा कंटाळा आला! भाऊ, उलट झालं ना हे. 41 हजार किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसचं बिल, टायर कधी बदलले, चेन-स्प्रॉकेट कधी बदललं, ब्रेक पॅड कितीदा, सगळं कागदावर. हा माणूस तुमचाच भाऊबंद आहे. आणि तो किंमत सोडत नाही, कारण त्याला माहीत आहे तो काय विकतो आहे. नियमित चाललेली गाडी ही उभ्या राहिलेल्या गाडीपेक्षा मला केव्हाही बरी वाटते. महिनोन्महिने उभी असलेल्या गाडीत बॅटरी मरते, ऑइल सील कडक होतात. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीत साठवतं. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग हे पेट्रोल सोसतील असेच बनतात. त्याआधीची गाडी घेताना पेट्रोलचे पाइप एकदा नीट बघून घ्या आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी धरा.

जबलपूरच्या गाडीचे वीस हजार वाचतात असं तुम्हाला वाटतं. ती मध्य प्रदेशची गाडी. मालकाला जबलपूर आरटीओकडून फॉर्म 28 वर एनओसी काढावी लागेल. ती आली की तुम्ही इथे नव्यानं नोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स गाडीच्या वयाच्या हिशेबानं पुन्हा भरायचा. तिकडचा उरलेला टॅक्स परत मागता येतो, पण मागायला जबलपूरला कोण जाणार? तुमच्या शिफ्टच्या सुट्ट्या त्यात जातील. वीस हजारांतले उरलेच काही तर ते एजंट नेईल. आणि फुकटचे साइड बॉक्स! गाडीच्या ज्या बाजूला ओरखडे असतात ती बाजू बॉक्सखाली छान झाकली जाते. कुठलीही गाडी बघताना बॉक्स आणि क्रॅश गार्ड काढून दाखवा म्हणा. लिव्हरची टोकं, फूटरेस्टचे कोपरे, हँडलची टोकं घासलेली दिसली तर गाडी पडलेली आहे. उभ्यानं पडली असेल तर हरकत नाही, त्या सगळ्याच पडतात. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडतं तो लोखंडी थांबा वाकलेला किंवा नव्यानं रंगवलेला असेल, तर मात्र चहासुद्धा न घेता घरी या.

नागपूरची गाडी बघायला सकाळी सातच्या आत जा. थंड गाडी चालू करून पाच मिनिटं नुसती उभी ठेवा आणि ऐका. तुम्हाला ऐकता येतं, अकरा वर्षं ऐकताय. इंजिनाच्या वरून येणारी टॅपेटची हलकी टकटक चालेल, खालून येणारा घुमा आवाज चालणार नाही. मग सेंटर स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश एका टोकाकडून दुसरीकडे न्या. मधोमध अडकल्यासारखं, खाच लागल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. खराब रस्त्यावर फिरलेल्या 411 मध्ये तो जातोच. त्यावरून गाडी नाकारायची नाही, पैसे कमी करायचे. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, नळीवर ऑइलची ओल आहे का बघा. चाक फिरवून रिम डुलते का बघा, आणि स्पोकवर एकेक करून पान्हा वाजवा. ढिला स्पोक बद्द वाजतो.

टायरवर चार आकडी शिक्का असतो. 2321 असेल तर 2021 चा तेविसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, त्या उन्हात पाच वर्षांचं रबर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेलं असतं. हाच शिक्का किलोमीटरचंही खरं-खोटं सांगतो. मीटर 28 हजार म्हणतो, पण ब्रेक पेडल आणि फूटरेस्टचं रबर गुळगुळीत, मागचा टायर तिसरा. मग मीटरवर विश्वास ठेवायचा की रबरावर? मालक तयार असेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसिस नंबर देऊन जुन्या नोंदी बघता येतात. बिलाच्या फाइलशी त्या जुळल्या की अर्धी काळजी मिटली.

चालवून बघताना मालकाच्या गल्लीत चक्कर मारून परत येऊ नका. संध्याकाळच्या सीताबर्डीच्या गर्दीत पंधरा मिनिटं रांगत घेऊन जा, क्लच गरम झाल्यावर न्यूट्रल लागतो की नाही ते तिथेच कळतं. मग आउटर रिंग रोडला ऐंशीवर नेऊन हात क्षणभर सैल सोडा. गाडी एका बाजूला ओढली तर पुढचं सगळं सोडून द्या. दुसऱ्या फेरीला वहिनींना मागे बसवा. गाडी दोघांसाठी आहे आणि त्यांनी ती अजून पाहिलेलीसुद्धा नाही, असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

कागदांचं थोडक्यात. आरसीवरचा चॅसिस नंबर आणि हँडलखालच्या पाइपवर कोरलेला नंबर आकडा-आकडा जुळवा. कर्ज होतं का बघा. असेल तर बँकेचं एनओसी आणि कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 यांशिवाय रुपयाही देऊ नका. थकलेली ई-चलानं मालकाकडून भरून घ्या. एप्रिल 2019 नंतरच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीतूनच येते. 2021 च्या गाडीवर साधी प्लेट दिसली तर का ते विचारा. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सही तुमच्यासमोर. कोरे सह्या केलेले फॉर्म घेऊन महिनोन्महिने दुसऱ्याच्या नावावर गाडी फिरवण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. तुम्ही पडू नका त्यात. विमा चौदा दिवसांत नावावर करा. नव्या दुचाकीला थर्ड पार्टीचा विमा पाच वर्षांचा मिळतो, 2021 च्या गाडीची ती पाच वर्षं 2026 मध्ये संपतात, तेव्हा तारीख बघा. मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, तुमच्या हप्त्यात तो धरू नका. पॉलिसी हातात आलीच आहे तर आयडीव्हीचा आकडाही वाचून ठेवा. घासाघीस करताना तो मोठ्यानं वाचायचा.

पैशांचं असं करा. गाडी 1 लाख 60 पर्यंत बसवा. घरी आणल्यावर तीस-पस्तीस हजारांचं काम आहे असं धरूनच चाला, मग टायर, चेन-स्प्रॉकेट, कोनसेट, ब्रेक पॅड, सगळी ऑइलं एकदम होतील आणि गाडीचा इतिहास तुमच्यापासून सुरू होईल. तीस हजार दोघांच्या हेल्मेट, जॅकेट, ग्लोव्हज, बुटांना. वहिनींचं हेल्मेट तुमच्यापेक्षा स्वस्त घेऊ नका, लोक हमखास तसंच करतात. तरी पाऊण लाख उरतात, आणि त्यात नागपूरहून लेहला जाऊन-येऊन चार-साडेचार हजार किलोमीटरचं पेट्रोल, मुक्काम, जेवण निघतं. नवी 450 घेतलीत तर गाडी दारात असेल, हप्ता चालू असेल आणि लेहचं पुढच्या वर्षी बघू असं होईल. माझ्या ओळखीत अशा तीन गाड्या आहेत, रोज धुतल्या जातात.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी बदलला. 350 सीसीपर्यंतच्या गाड्या 28 टक्क्यांवरून 18 वर आल्या, वरच्या 40 वर गेल्या. त्यामुळे 350 च्या वरची हौस असेल तर सेकंड हँडकडे बघण्यात अर्थ आहे, आणि खालची चालत असेल तर नवी घेणंच शहाणपणाचं, कारण जुन्याचे मालक अजून कालच्या किमती मागतात. रॉयल एनफिल्डच्याच मीटिओर 350 ची सीट 765 मिलिमीटर, तुमचे दोन्ही पाय सपाट टेकतील. सुझुकीची 250 सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स हलकी आहे, पण उंच आहे. दोन्ही चालवून बघा असं म्हणेन. मन हिमालयनवर बसलंय हे मलाही दिसतंय, पण नागपूरची गाडी तपासणीत नापास झाली तर सेकंड हँडच्या मागे गावोगाव हिंडण्यापेक्षा नवी मीटिओर मी पसंत करीन. आणि इंजिनाचा आवाज जरा बदलला की रात्री झोप लागत नाही असा तुमचा स्वभाव असता, तर पहिल्याच ओळीत नवी घ्या लिहून मोकळी झाले असते.

पचमढी पहिली ट्रिप म्हणून उत्तम निवडलीत. सावनेर, छिंदवाडा, तामिया, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. मे अखेरचा कडक उन्हाचा नवतपा संपेपर्यंत मात्र निघू नका. पहिला पाऊस पडून चार दिवस झाले की जा. 411 चे टायर ट्यूबचे आहेत आणि पुढचं चाक 21 इंची, ती ट्यूब वाटेतल्या छोट्या गावात मिळत नाही. दोन्ही चाकांच्या ट्यूब आणि टायर काढायच्या पट्ट्या सोबत ठेवा. एकदा घरच्या अंगणात पुढचं चाक काढून परत बसवा. रविवारी दुपारी, वहिनी बघत असताना. त्यांचा दुखण्याबद्दलचा विचार त्या दुपारी बराच बदलेल.

राहिली युनिकॉर्न. ती विकू नका. रात्रपाळीला बुटीबोरीपर्यंत रोज 411 काढलीत तर वर्षभरात टूरिंगची गाडी ड्युटीची गाडी होऊन बसेल. आणि अकरा वर्षं एका हातात राहिलेली, घरी ऑइल बदललेली गाडी 25 हजारांत? तुम्ही स्वतः शोधायला निघालात तर मिळेल का? तरीही विकायचीच ठरली तर आधी मला कळवा. माझा भाचा कॉलेजला गाडी शोधतोय, आणि मी सकाळी सातला थंड इंजिन बघायला येईन.